कोळसा की चुना?

चांगले आणि वाईट समोरासमोर ठेवले असता चांगले उचलावे, हे सांगण्यास कीर्तनकार लागत नाही. ते लहान पोरासही कळते. मनुष्याची खरी परीक्षा होते ती दोन्ही वस्तू मनास येत नाहीत आणि दोहोंपैकी एक तर पदरात पडणारच असते, तेव्हा. असा प्रसंग संसारात वरचेवर येतो. पण तारीख-वार ठरवून, शाळेस सुट्टी देऊन आणि दारात पोलीस उभा करून येतो तो मतदानाच्या दिवशी.

"दोघेही नकोसे आहेत, मत द्यावे कोणास? की देऊच नये?" हा प्रश्न दिंडीच्या मुक्कामावर, पारावर, देवळाच्या ओट्यावर सर्रास ऐकू येतो. वरून पाहता हा राजकारणाचा प्रश्न दिसतो. पण खोल पाहिले तर तो धर्माचा, म्हणजे कर्तव्याचा आहे. कोणत्याही पक्षाची पालखी न उचलता त्याचा थोडा विचार करू. विचार कोरडा होऊ नये म्हणून एक दृष्टांत घेऊ, आणि दृष्टांतासाठी गाव घेऊ राजूर.

राजूर नावाची गावे आपल्याकडे एकाहून अधिक आहेत. हे राजूर यवतमाळ जिल्ह्यातले, वणी तालुक्यातले. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा ते वेगळे. ह्या राजूरची ओळख दोन वस्तूंनी झाली आहे. एक जमिनीखालचा कोळसा आणि दुसरी चुनखडी भाजण्याच्या भट्ट्या. एक काळीकुट्ट, दुसरी पांढरीशुभ्र. खाणी पूर्वी खाजगी होत्या, १९७३ साली देशातील कोळसा सरकारने ताब्यात घेतला. मालक बदलला, धूळ बदलली नाही. धुतलेले धोतर वाळत घालावे तर आधी वारा कोणीकडून येतो ते पाहावे लागते. इकडून आला तर काळे होईल, तिकडून आला तर पांढऱ्यावर पांढरे बसेल आणि अंगास खाज सुटेल. पोटासाठी नाना प्रांतांचे लोक येथे येऊन राहिले. वऱ्हाडी, तेलुगू, हिंदी अशा भाषा एकाच गावात ऐकू येतात.

ह्या भागातील मतदाराचे नशीबही गमतीचे आहे. १९५२ साली त्याने पहिले मत दिले तेव्हा तो मध्यप्रदेश राज्यात होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. १९५७ साली मत दिले तेव्हा तो द्वैभाषिक मुंबई राज्यात होता. १९६२ साली दिले तेव्हा महाराष्ट्रात. दहा वर्षांत तीन निवडणुका, आणि तिन्ही वेळा राज्य निराळे. घर मात्र जागचे हलले नाही. आजही जिल्हा यवतमाळ, पण लोकसभेचे मत पडते चंद्रपूर मतदारसंघात. एवढे सोसून जो मतदार अजून रांगेत उभा राहतो, त्याच्या चिकाटीस हात जोडावेत. असो.

आता दृष्टांत. समजा, निवडणूक लागली आहे आणि दोन उमेदवार उभे आहेत. एकाची निशाणी शेगडी, दुसऱ्याची चुन्याची डबी. ही माणसे कल्पनेतली आहेत. कोणी आपल्या अंगावर ओढून घेऊ नये, आणि घेतलीच तर आमचा इलाज नाही.

शेगडीवाले मागची पाच वर्षे खुर्चीवर होते. तोंडाचे फटकळ, हाताखालची माणसे उर्मट. ठेका निघाला की तो मेव्हण्यासच मिळतो, आणि मेव्हणे तरी किती असावेत! त्यांच्याविषयी चौकशी करावी तो आणखीच काही निघते. कोळसा उगाळावा तितका काळाच, ही म्हण त्यांच्यासाठीच झाली असावी. डबीवाले त्यांच्या अगदी उलट. कपडे परीटघडीचे, बोलणे मधाळ. म्हाताऱ्या माणसास वाकून नमस्कार करतील, पोरास कडेवर घेतील. मात्र दहा वर्षांत चार पक्ष फिरून आलेले, आणि प्रत्येक पक्षास शेवटी चुना लावून आलेले. निवडून आले की पुन्हा दिसणार नाहीत, ह्याविषयी गावात दुमत नाही.

प्रचार सुरू झाला. एकादशीच्या भजनास दोघेही हजर. दोघांच्याही कपाळी बुक्का, तोही एरवीपेक्षा अंमळ मोठा. दोघांनी टाळ हाती घेतले. एकाचा टाळ समेच्या आधी पडे, दुसऱ्याचा नंतर. मधल्यामध्ये पखवाजवाल्याची तारांबळ. शेगडीवाल्यांनी देवळास कर्णा दिला. डबीवाल्यांनी मंडप देईन म्हणून सांगितले. रस्त्याच्या वळणावर दोघांच्या मोठ्या पाट्या लागल्या. पाटीवर उमेदवार हत्तीएवढा आणि कोपऱ्यात पांडुरंग सुपारीएवढा. पांडुरंगाचे हात कटेवर, उमेदवाराचे जोडलेले. गावातील जाणती माणसे म्हणाली की हे जोडलेले हातही कटेवर जातात, फक्त निकाल लागावा लागतो.

मतदानाच्या आदल्या दिवशी खाणीतून निवृत्त झालेला एक वारकरी आणि चुनाभट्टीवर मजुरी करणारी एक बाई ह्यांची देवळापाशी गाठ पडली.

"बुवा, उद्या कोनाले मत देऊन राह्यले?"

"कोनालेच नाई, माय. माह्या गळ्यात माळ हाय. असल्या मानसाच्या नावापुढं बोट टेकवलं तं बोट बाटन. घरी बसून नाम घेईन."

"बोट नाई बाटनार बुवा तुमचं. पन नळाले पानी नाई आलं तं माह्या डोक्यावरची घागर काई नामानं उतरत नाई. थे घागर तुमच्या बोटापेक्षा जड हाय."

बुवा गप्प झाले. आपणही येथे क्षणभर गप्प होऊन विचार करण्यासारखे आहे. बुवांची अडचण खोटी नाही. ज्याने आयुष्यभर खोटे बोलायचे नाही, दुसऱ्याचे खायचे नाही असे व्रत पाळले, त्यास लबाडाच्या नावापुढे बटण दाबताना शिसारी येणारच. ती येत नसेल तर माळ घालून काय मिळविले? पण बाईचे म्हणणेही टाळता येत नाही. बुवांचा विटाळ आणि बाईची घागर ह्यांत कोणाचे पारडे जड, हा आपला प्रश्न आहे.

पहिली गोष्ट अशी की, मत देणे म्हणजे पूजा करणे नव्हे. आपल्या मनात नकळत ह्या दोहोंची गल्लत होते. देवास आपण सर्वस्व देतो. तेथे अर्धे मन चालत नाही, आणि तेथे ‘दोन देवांपैकी त्यातल्या त्यात बरा’ असा हिशेबही चालत नाही. हेच माप आपण उमेदवारास लावू जातो. तो पूज्य नाही असे आढळले की आपल्यास फसविल्यासारखे वाटते आणि आपण रुसून घरी बसतो. अहो, त्यास पूज्य मानावयास सांगितले कोणी? ज्यास दुसरे दैवत नाही तो पुढाऱ्यास दैवत करून बसला तर समजू शकते. पण ज्याचे दैवत विटेवर उभे आहे, त्याची ती गरज भागलेली आहे. वारकरी हा खरोखर सर्वांत मोकळा मतदार असावयास पाहिजे. त्याने पुढाऱ्याच्या पाया पडण्याचे कारण नाही, आणि पुढारी पाया पडण्याच्या लायकीचा नाही म्हणून खंती होण्याचेही कारण नाही. मत हा हार नव्हे. मत म्हणजे गावचे एक काम कोणाकडे सोपवावे, ह्याविषयी दिलेला कौल.

वणी तालुक्यात जुगादजवळ वर्धा आणि पैनगंगा एकत्र होतात आणि संगमाच्या पलीकडे वढा येथे विठ्ठलाचे देऊळ आहे. समजा, एखाद्यास नावेने पलीकडे दर्शनास जायचे आहे आणि काठावर दोन नावाडी आहेत. तो नावाड्यास काय विचारील? नाव गळते का, विचारील. रात्री पिऊन येतोस का, विचारील. मधल्या धारेत भाडे वाढवून मागतोस का, तेही विचारील. एकादशी करतोस का, हे विचारणार नाही, आणि करीत नसेल म्हणून पोहत जाणार नाही. देव पलीकडे आहे; नावाडी देव नाही. उमेदवाराकडे ह्याच दृष्टीने पाहावे.

दुसरी गोष्ट. मत न दिल्याने हात स्वच्छ राहतो, ही समजूत तपासून घेतली पाहिजे. सप्ताहात विणेचा पहारा असतो. वीणा खाली ठेवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची, हा नियम लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. आता समजा, पहाटेचे तीन वाजले आहेत, तुमचा पहारा संपला आहे, आणि मंडपात जागे दोघेच आहेत. एकाचा आवाज फुटका, दुसरा डुलक्या घेणारा. ह्यांच्या हाती वीणा देण्यापेक्षा खाली ठेवलेली बरी, असे कोणी म्हणत नाही. दोघांत जो निदान उभा राहील त्याच्या गळ्यात ती देऊन, आपण चार हात अंतरावर जागे राहतो.

राज्याची खुर्ची ही अशीच कधी रिकामी राहत नाही. तुम्ही मत दिले नाही तरी कोणीतरी तीवर बसतोच. मत न देणाऱ्याने कोणासच निवडले नाही, असे तो समजतो. वस्तुतः त्याने निवडीचे काम शेजाऱ्यावर सोपविलेले असते. आणि शेजारी कोण? ज्याने आदल्या रात्री पाकीट घेतले तो मत देण्यास चुकत नाही, सकाळी पहिल्या रांगेत असतो. विचारी माणूस घरी आणि पाकीटवाला रांगेत, अशी वाटणी झाल्यावर निकालास नावे ठेवण्यात काय अर्थ?

एका मताने काय होते, असेही पुष्कळ म्हणतात. श्रीनाथजींचे क्षेत्र म्हणून जे नाथद्वारा प्रसिद्ध आहे, तेथे २००८ सालच्या राजस्थान विधानसभेच्या निवडणुकीत एक मातब्बर उमेदवार अवघ्या एका मताने पडला. दहा नव्हे, पाच नव्हे, एका. त्या गावात त्या दिवशी ‘माझ्या एकट्याने काय होते’ म्हणून घरी बसलेल्यांची रात्र कशी गेली असेल, कल्पना करा.

तिसरी गोष्ट ‘दोघे सारखेच’ ह्या वाक्याविषयी. हे वाक्य बोलण्यास फार सोपे आहे, आणि बोलणारा त्यामुळे शहाणाही दिसतो. पण ते बहुतेक वेळा खरे नसते. कोळसा हात काळे करतो, चुना हात पांढरे करतो. दोन्हींनी हात खराब होतात. एवढ्यावरून दोन्ही एकच असे राजूरचे पोरही म्हणणार नाही. कोळशाची भुकटी डोळ्यात गेली तर डोळा चुरचुरेल, पाण्याने धुऊन निघेल. कळीचा चुना डोळ्यात गेला तर डोळाच जाण्याची भीती. दोन्ही त्रासच, पण एक निस्तरता येतो, एक येत नाही.

दोन वाईटांतून निवड करताना हाच काटा हाती धरावा, असे आम्हांस वाटते. कोण अधिक गोड बोलतो, कोणाची पाटी मोठी, कोण आपल्या जातीचा, हे बाजूस ठेवावे आणि एवढेच पाहावे की ह्याने केलेले नुकसान पाच वर्षांनी भरून काढता येईल काय? रस्ता वाईट केला तर पुन्हा करता येतो. ठेका मेव्हण्यास दिला तर चौकशी लावता येते. पैसा गेला, तोही कष्टाने पुन्हा उभा करता येतो. पण ज्याने एका आळीस दुसऱ्या आळीवर घातले, पिढ्यान्‌पिढ्या एका पंगतीत बसणाऱ्यांत संशय पेरला, त्याचे नुकसान कोणत्या अंदाजपत्रकातून भरून काढणार? जेथे चार भाषांची माणसे एका भट्टीवर काम करतात, तेथे हा प्रश्न घागरीएवढाच निकडीचा आहे. तसेच, जो आपल्याविरुद्ध कोणास बोलू देणार नाही, ज्याच्या राज्यात तक्रार करणाऱ्याचे हातपाय मोडतात, त्यास निवडले तर पुढची निवड करण्याची सोयच उरत नाही. फटकळ माणूस सोसावा, पण तक्रारीची वाट बुजविणारा सोसू नये.

हे जाणण्यास साधने नाहीत असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ सालच्या निर्णयांनंतर प्रत्येक उमेदवारास शपथपत्र द्यावे लागते. त्यावर कोणते खटले आहेत, मालमत्ता किती, देणे किती, शिक्षण काय, हे त्यात लिहिलेले असते, आणि ते कोणासही पाहावयास मिळते. मुलीस स्थळ पाहताना आपण मुलाच्या आजोळापर्यंत चौकशी करतो. येथे तर सारा गाव द्यायचा असतो! गावातील एखाद्या शिकलेल्या मुलाने ती शपथपत्रे मिळवून देवळाच्या ओट्यावर वाचून दाखविली, तर त्या दिवशीचे प्रवचन फुकट गेले असे कोणी म्हणणार नाही.

आता कोणी विचारील, "महाराज, सरकारने तिसरी वाट काढली आहे की. वरीलपैकी कोणीही नाही, असे बटणच आहे. ते दाबले म्हणजे झाले!" ही वाट नीट समजून घेण्यासारखी आहे. पूर्वी ज्यास कोणासच मत द्यायचे नसे त्यास १९६१ च्या नियमांतील ४९-ओ ह्या कलमाप्रमाणे केंद्राध्यक्षास तसे सांगावे लागे आणि वहीत नोंद होई. म्हणजे गुप्त मतदानातील गुप्तता गेली. २७ सप्टेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, नाही म्हणण्याचा हक्कही मतदारास गुप्तपणे बजावता आला पाहिजे. नापसंती दिसू लागली म्हणजे पक्षांना चांगली माणसे उभी करावी लागतील, अशीही न्यायालयाची अपेक्षा होती. त्याच वर्षाअखेर झालेल्या पाच राज्यांच्या निवडणुकांपासून यंत्रावर सर्वांत खाली ते बटण आले. लोक त्यास ‘नोटा’ म्हणतात. नाव असे की ज्यांना नोटा मोजण्याची सवय त्यांस ते ऐकून भलताच आनंद व्हावा.

पण ह्या बटणाचे सामर्थ्य किती, तेही जाणले पाहिजे. विधानसभेत आणि लोकसभेत नोटास कितीही मते पडली तरी उमेदवारांत ज्यास अधिक मते तोच निवडून येतो. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीण मतदारसंघात नोटास २७,५०० मते पडली आणि तो दुसऱ्या क्रमांकावर आला. बाकीचे सारे उमेदवार त्याच्या मागे! पण विजयी उमेदवारास १ लाख ३५ हजारांवर मते होती. त्याचे काही अडले नाही. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील पलूस-कडेगावातही नोटा दुसरा आला. २०२४ साली इंदूर लोकसभा मतदारसंघात मुख्य विरोधी उमेदवाराने ऐन वेळी अर्ज मागे घेतला, तेव्हा लोकांनी नोटास २ लाख १८ हजार ६७४ मते दिली. विजयी उमेदवार तरीही अकरा लाखांहून अधिक मतांनी निवडून आला. नोटाची मिरवणूक निघत नाही, त्यास कोणी पेढा भरवीत नाही, आणि पाच वर्षे त्याच्याकडे नळाची तक्रारही नेता येत नाही.

चुरशीच्या जागी गोष्ट आणखी निराळी होते. २०२४ साली मुंबई वायव्य मतदारसंघात लोकसभेचा निकाल ४८ मतांनी लागला. त्याच जागी नोटास पंधरा हजारांवर मते होती. ज्यांनी ‘आम्हांस कोणीच नको’ म्हटले त्यांतील पन्नास माणसांच्या मनात काटा थोडा जरी एका बाजूस झुकला असता, तरी खासदार दुसरा झाला असता. त्यांनी चूक केली असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येकाच्या अंतःकरणात काय होते ते पांडुरंग जाणे. पण ‘नाही’ म्हणणाऱ्यानेही आपल्या ‘नाही’चे वजन कोणीकडे पडते ते मोजूनच म्हणावे.

मग नोटा दाबू नये काय? तसेही नाही. पुन्हा विणेकडे जाऊ. पहाटे जागे असलेले दोघेही पिऊन आलेले असतील, तर वीणा त्यांच्या गळ्यात घालण्यापेक्षा आपणच आणखी घटकाभर उभे राहून तिसऱ्यास हाक मारावी, हेच योग्य. दोन्ही उमेदवार जर असे असतील की त्यांचे नुकसान निस्तरता येणार नाही, दोघांचेही हात दुसऱ्याच्या रक्ताने किंवा द्वेषाने माखलेले असतील, तर ‘कोणीही नाही’ हे स्पष्ट उत्तर आहे आणि ते देण्यात कमीपणा नाही. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये महानगरपालिका, नगरपरिषदा आणि नगरपंचायती ह्यांच्यासाठी तर असे ठरविले की, नोटास सर्वाधिक मते पडली तर कोणासही विजयी न ठरविता ती निवडणूक पुन्हा घ्यावी. तेथे ती तिसऱ्यास मारलेली खरी हाक आहे. पण दोन अटी आहेत. एक, ते बटण रागाने किंवा कंटाळ्याने दाबलेले नसावे, तर तपासून दाबलेले असावे. दुसरी, ते केंद्रावर जाऊन दाबावे. अंथरुणात पडून केलेल्या निषेधाची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. मोजणारे त्यास आळस समजतात, आणि बहुधा बरोबर समजतात.

आणि हाक मारायची तर ती मतदानाच्या दिवशीच का? दोन नको ती माणसे यंत्रावर येतात ती आकाशातून पडत नाहीत. तिकडे कोळसा आणि चुना निवडला जात असताना गहू-ज्वारी कोठे होती? गावातील सरळ माणसास कोणी उभे राहा म्हटले, तर आपणच त्यास सांगतो, "कायले त्या चिखलात पडतं बाप्पा?" चांगल्यास आपणच परतवून लावायचे, आणि मग चांगले कोणी नाही म्हणून रडायचे. ग्रामपंचायत जवळची आहे. तेथे उभे राहण्यास मोठ्या पैशाची गरज पडू नये. गाव पाठीशी असले म्हणजे झाले. ग्रामसभेस किती वारकरी जातात, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती देवाच्या नावावर घडली. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकांत नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे पदांचा लिलाव झाल्याचे उघडकीस आले, आणि राज्य निवडणूक आयोगाने त्या दोन्ही निवडणुका रद्द केल्या. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेली होती आणि ती रक्कम देवळाच्या बांधकामास जायची होती. बिनविरोध झाली, भांडण टळले, वर देऊळही झाले, असा हिशेब. पण गरिबाचे मत विकून उभारलेल्या गाभाऱ्यात देव राहील काय? ज्याच्यापाशी बोली लावण्यास पैसा नाही त्याचा आवाज गावातून पुसला गेला. दोन नको त्या उमेदवारांतून निवड करावी लागणे हे दुःख खरे. पण निवडच न उरणे हे त्याहून मोठे दुःख आहे.

मत दिल्यानंतरचे कर्तव्यही विसरता कामा नये. आपण ज्यास मत दिले तो पुढे वाईट वागला तर त्याचे पाप आपल्यास लागते काय, अशी शंका बुवांसारख्या भाविकास येते. आमचे अल्पमतीने उत्तर असे. डोळे उघडे ठेवून, गावाचे हित पाहून, पैसा न घेता मत दिले असेल तर त्याच्या लबाडीचे पाप त्याचे. पण तो लबाडी करीत असता, ‘आपलाच आहे’ म्हणून गप्प बसलो, तर तेवढ्या मौनाचे पाप आपले. विणा दुसऱ्याच्या गळ्यात दिल्यावर आपण झोपी जात नाही. नावडत्यास मत देण्यात एक फायदाही आहे, तो आवडत्यास देण्यात नाही. आवडत्यावर आपण नजर ठेवीत नाही, नावडत्यावर ठेवतो. शेगडीवाल्यास मत देणाऱ्याने दुसऱ्याच दिवशी त्यास विचारावे, "आमचं मत तुमच्या पदरात पडलं. आता पाइपाचं काय?" आणि दर ग्रामसभेस पुन्हा विचारावे.

सावता महाराजांनी मळा सोडला नाही, गोरोबांनी चाक सोडले नाही. रोज हाती येणारी माती काही कसदारच नसते. खडे वेचून, पाणी घालून, तुडवून ती कामास आणावी लागते. माती वाईट म्हणून कुंभार हात धुऊन बसला असता, तर गाव पाणी कशात प्याले असते? लोकशाहीची मातीही अशीच खड्यांची आहे.

मतदान करून बाहेर पडणाऱ्याच्या डाव्या हाताच्या तर्जनीवर शाईची काळी खूण केलेली असते. म्हैसूरच्या कारखान्यातील ही शाई १९६२ सालच्या निवडणुकीपासून वापरात आहे, आणि ती कितीही घासली तरी बरेच दिवस जात नाही. बोट बाटण्याचे भय ज्यास वाटते त्याने एवढेच ध्यानात घ्यावे की, त्या दिवशी गावात ज्यांची बोटे अगदी स्वच्छ असतात, त्यांनी आपल्या वाट्याची घागर दुसऱ्याच्या डोक्यावर दिलेली असते. तेव्हा सकाळी स्नान करावे, नाम घ्यावे, चार प्रश्न मनाशी विचारून घ्यावेत आणि चालत केंद्रावर जावे. डाग पडेल तो पडू द्यावा. त्याच हाताने संध्याकाळी टाळ वाजविता येतो.

रामकृष्णहरि.